ॲम्ब्रोस लिडल, मयत

पेनबरी, हर्फर्डशर
१२ मे १६३७

प्रिय ॲम्ब्रोस,

तुझ्या मागच्या पत्राला वर्ष होत आलं आणि मी उत्तर दिलं नाही. त्यावरून मला जे बोलायचं ते मनातल्या मनात बोलून घे, म्हणजे मला पुढचं लिहिता येईल. बाबांनी घरात तुझं नाव काढायला बंदी केली आहे, हे तुला ठाऊकच आहे. पण मंगळवारपासून ते स्वतःच उठता बसता तुझं नाव काढतात, तेव्हा बंदी उठली असं मी धरून चालते.

मंगळवारी पाळकांच्या घरामागच्या हिरवळीवर लाकडी गोळे घरंगळवायचा डाव होता. आजूबाजूची सगळी बडी मंडळी होती. डाव संपल्यावर सफरचंदाची सायडर पिता पिता पाळकांनी उगाच खोडी काढली आणि विचारलं, "मिस्टर लिडल, थोरल्याची काही खबर?" बाबा म्हणाले, "मला थोरला नाही. हॉलंडमधल्या लायडन शहरात कुणी एक हातमोजे शिवणारा आहे, त्याचं आडनाव माझ्यासारखं आहे इतकंच."

सगळे हसले. क्रॉफ्टकाका हसले नाहीत. तुझा बाप्तिस्मा झाला तेव्हा तुला हातात धरून ते उभे होते, हे बाबा विसरले असले तरी ते विसरलेले नाहीत. त्यांनी पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "रोलँड, तुझ्या जिभेला काही हाड? चर्चमध्ये वेदीपुढे वाकायचा नवा हुकूम पोरगा मानणार नाही म्हणाला, घर सोडून गेला, आणि स्वतःच्या हातांनी कमावून खातो. कुलीन म्हणायचं तर त्याला म्हणावं. तू कसला कुलीन? तू नव्हतास आणि तुझा बापही नव्हता. बैल विकून वर आलेली माणसं तुम्ही."

बाबांचा हात तलवारीकडे गेला. लोकांनी धरलं म्हणून निभावलं. शिवाय साठी उलटलेल्या माणसाने द्वंद्व करायचं तर आधी गुडघ्यांची परवानगी घ्यावी लागते. राजानेही द्वंद्वाला मनाई केली आहे, म्हणून आता सगळे लंडनला मानमरातबाच्या न्यायालयात जातात. कुणी तुम्हाला हलका म्हणालं की तिथे दावा लावायचा. पण तिथला कायदा असा, की ज्याचा अपमान झाला त्याने आधी आपण पिढीजात कुलीन आहोत हे सिद्ध करायचं. म्हणजे ज्याचं नाक कापलं त्यानेच मला नाक होतं याचा पुरावा द्यायचा. पुरावा पुरला नाही तर राजाचे कुळं तपासणारे अधिकारी बाजाराच्या दिवशी दवंडी पिटवतात, की अमुक माणूस कुलीन नाही, याला कुणी तसं संबोधू नये. मग चर्चमधल्या आपल्या बाकावरची घराण्याच्या मानचिन्हाची ढाल उखडतील. त्यावरच्या तीन टिटव्या, ज्यांना आपण लहानपणी कोंबड्या म्हणायचो, त्याही जातील.

मी म्हटलं, "बाबा, सोडून द्या ना. काका रागाच्या भरात बोलले." तर म्हणाले, "त्याने माझ्या बापाला मातीत घातला, आणि तू म्हणतेस सोडून द्या."

बाकी बरं आहे. मिस्टर पियर्स कॉटरेल अधूनमधून घरी येतात. त्यांचं शेत आपल्या ओढ्यापलीकडे आहे.

तुझी
थॉमसिन

•

पेनबरी
३ ऑक्टोबर १६३७

ॲम्ब्रोस,

खाली बसून वाच.

दावा दाखल झाला. बाबा लंडनला जाऊन आले, आजोबांची कागदपत्रं, आजीच्या थडग्यावरच्या लेखाची नक्कल, टिटव्यांचं चित्र, सगळं घेऊन. आजोबांनी बैल विकले होते, पण स्वतःच्या कुरणातले, तेव्हा त्याला धंदा म्हणता येत नाही असं वकील म्हणतो. आजोबा निभावले. अडलंय ते तुझ्यापाशी. क्रॉफ्टकाकांच्या वकिलाने लेखी विचारलंय, की वादीचा थोरला मुलगा, ज्याच्याकडे ही ढाल पुढे जायची, तो परदेशात दुकानात बसून गिऱ्हाइकांच्या हाताचं माप घेतो, हे खरं की खोटं? खरं असेल तर हे कसलं घराणं? बाबांच्या वकिलाने हात वर केले. तो म्हणाला, "मुलगा मेलेला असता तर प्रश्नच नव्हता."

तो सहज बोलून गेला असेल. बाबांनी ते उचललं.

मागच्या रविवारी चर्चमधून परत आले तर आपल्या दारावर काळ्या चौकटीतली पाटी लागलेली. कुणी बडं माणूस गेलं की लावतात ती. त्यावर तीन टिटव्या, आणि वरती थोरल्या मुलाची खूण. चितारी हर्फर्डहून आला होता, रंग ओलाच होता. बाबा कुणालाच काही बोलले नाहीत. बोलायची गरजच नव्हती, पाटी बघून सगळ्या गावाला कळलं. दुपारपर्यंत स्वयंपाकीण रडत होती, पाळक हात दाबून गेले आणि बाबा काळ्या कपड्यांत अंगणात उभे राहून लोकांचं सांत्वन घेत होते. त्यांचे डोळे ओले होते, ॲम्ब्रोस. ते मला सगळ्यात भयंकर वाटलं. खोटं रडत नव्हते ते.

आता विचारणाऱ्याला सांगायचं ते असं: लायडनच्या तापात गेलास तू, ऑगस्ट महिन्यात. तिथे एका सरदाराच्या पदरी मानाने होतास.

मी रात्रीच्या जेवणाला बसले नाही. बाबा माझ्या खोलीत आले. म्हणाले, "तो आपल्यासाठी आधीच मेला होता. मी फक्त दाराला सांगितलं." मग म्हणाले, "गुरुवारी न्यायालयाचे लोक इथल्या सराईमध्ये साक्षी घ्यायला येतात. घरातलं कुणीतरी लागेल. माझी साक्ष चालत नाही, मी वादी."

घरात आणखी आहेच कोण?

शपथेवर खोटं सांगणाऱ्याला बाजारात खांबाला उभं करतात आणि कान खिळ्याने लाकडाला ठोकतात, हे तुला माहीत आहे. मी बाबांना ते सांगितलं. ते म्हणाले, "खोटं ठरवणार कोण? तो येणार आहे का इथे?"

तू येणार नाहीस ना? तू म्हणाला होतास, या गावचं तोंड पाहणार नाही. ते अजून तसंच असेल तर मला लिही. हे पत्र तुला मिळेल तोवर गुरुवार होऊन गेलेला असेल.

थॉमसिन

•

पेनबरीजवळ, कॉटरेलांचं घर
३० एप्रिल १६३८

प्रिय ॲम्ब्रोस,

तुझं पार्सल मिळालं. काळ्या कोकराच्या कातड्याचे हातमोजे, आणि आत चिठ्ठी, "माझ्या दुखवट्यात घालायला, माप आठवणीने घेतलं आहे." वाचून आधी हसले, मग दार लावून घेतलं. माप बरोबर आहे. तू रागावला नाहीस, की रागावलास आणि ही तुझी रागवायची तऱ्हा आहे, ते मला कळलं नाही. तुझ्या जागी मी असते तर असं पार्सल पाठवलं नसतं. दगड पाठवला असता.

वरचा पत्ता वाचून कळलंच असेल. फेब्रुवारीत लग्न झालं. मागच्या वर्षी पियर्सबद्दल मी ओझरतं लिहिलं होतं, ते मुद्दाम ओझरतं. त्यांच्या वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं, की दाव्याचा निकाल लागल्याशिवाय सोयरीक नाही, दवंडी पिटलेल्या घरातली मुलगी आम्हाला नको. हे तेव्हा लिहिलं असतं तर तू म्हणाला असतास, थॉमसिनने नवऱ्यासाठी मला मारलं. आता म्हण. मी बत्तीस वर्षांची झाले होते, बाबांनंतर घर चुलतभावाकडे जाणार, आणि त्याच्या बायकोच्या हाताखाली मला म्हातारं व्हायचं नव्हतं.

सराईमध्ये तीन वकील होते, एक कारकून, आणि टेबलावर अर्धवट खाल्लेलं मटणाचं ताट. विचारलं, "तुमचा भाऊ ॲम्ब्रोस हयात आहे?" मी म्हटलं, "नाही." आणखी विचारतील म्हणून मी किती तयारी केली होती. त्यांनी विचारलंच नाही. कारकुनाने लिहिलं आणि ताट पुढे ओढलं.

तर दावा जिंकला. बाजाराच्या दिवशी क्रॉफ्टकाकांना मंडईच्या पायऱ्यांवर उभं केलं, बोडक्या डोक्याने, आणि न्यायालयाने लिहून पाठवलेली माफी मोठ्याने वाचायला लावली. मिस्टर रोलँड लिडल पिढीजात कुलीन आहेत, मी बोललो ते खोटं आणि द्वेषाने बोललो. इथवर सगळ्यांच्या माफीत असतंच. पण बाबांनी वकिलाला सांगून त्यात आणखी एक ओळ घालून घेतली होती. "त्यांचा दिवंगत पुत्र ॲम्ब्रोस हाही कुलीन म्हणून जगला व कुलीन म्हणून वारला, त्याने हाताने कधी धंदा केला नाही, आणि याविरुद्ध मी पुन्हा कधी तोंड उघडणार नाही." त्या ओळीपाशी काका थांबले. लोकांना वाटलं चष्म्यातून अक्षर लागलं नाही. त्यांनी ती वाचली, नीट, एकही शब्द न गाळता. वाचली नसती तर तुरुंगच होता. तसा जामीनच लिहून घेतला आहे त्यांच्याकडून.

नंतर मी घोड्यापाशी उभी होते तर ते जवळ आले. म्हणाले, "पोरी, नाताळात मला त्याचं पत्र आलं होतं." मी मागेपुढे कुणी ऐकतंय का पाहिलं. "घाबरू नकोस," म्हणाले, "आता मी काही बोललो तरी ऐकणार कोण? तुझ्या बापाने पक्कं काम केलंय."

दारावरची पाटी आता चर्चमध्ये आपल्या बाकावर टांगली आहे. मी दर रविवारी तिच्याखाली बसते.

थॉमसिन

•

कॉटरेलांचं घर
१९ नोव्हेंबर १६३८

ॲम्ब्रोस, येऊ नकोस.

तुझं पत्र आज आलं. तुझी बायको ग्रीतिए गेली हे वाचून फार वाईट वाटलं. तिला मी कधी पाहिलं नाही, पण तू लिहायचास त्यावरून ती माझ्या ओळखीची झाली होती. तुला एकटं वाटतं, बाबा म्हातारे झाले, त्यांच्या पायाशी एकदा बसायचंय, हे सगळं मला समजतं. ते तुला घरात घेतील असं तुला वाटतंय. घेणार नाहीत. घेऊच शकत नाहीत, कारण तुला घरात घेतलं तर निकाल उलटतो, दवंडी पिटते, आणि माझे कान जातात. तू लिहितोस, "मी गुपचूप येईन, दोन दिवस राहीन." या गावात कुत्रं नवीन आलं तरी पाळकांना कळतं.

नाताळानंतर मी कुठेतरी येऊन भेटेन. ब्रिस्टलला ये, बंदरावर. पण इथे येऊ नकोस. हे पत्र मिळताच दोन ओळी लिही, म्हणजे मला झोप लागेल.

थॉमसिन

•

कॉटरेलांचं घर
१४ जानेवारी १६३९

ह्यू वेलर यांस,

हेच नाव तू कोर्टात सांगितलंस, तेव्हा यापुढे याच नावाने लिहायचं. क्रॉफ्टकाका उद्या ब्रिस्टलला निघतात, तुझं जहाज सुटायच्या आत हे तुझ्या हातात देतील. सोबत मलम आहे. पाठीला लावायला कुणीतरी हवं, स्वतःचा हात पोचणार नाही. खलाशांपैकी कुणाला तरी सांग, लाजू नकोस.

माझं पत्र तुला मिळालं नाही, हे मला, ज्यांनी तुला अंगणात उभा पाहिला त्या लोकांच्या बोलण्यावरून कळलं. मिळालं असतं तर तू असा हसत आला नसतास. स्वयंपाकीण सांगते, पाहुणे जमले होते, बाबा दारात उभे राहून पाळकांना निरोप देत होते आणि तू फाटकातून येऊन "बाबा" म्हणालास. पाळकांच्या हातातली काठी पडली. तू मेलास म्हणून चर्चमध्ये त्यांनीच प्रवचन केलं होतं ना. बाबा तुझ्याकडे बघत राहिले, आणि मग म्हणाले, "कोण हा माणूस?" तुला ती थट्टा वाटली. "अहो, मी ॲम्ब्रोस," म्हणालास. तेव्हा बाबांनी शिपायाला बोलावणं धाडलं. म्हणाले, "माझ्या मेलेल्या मुलाचं नाव घेऊन भीक मागायला आलाय."

मला हे क्रॉफ्टकाकांकडून कळलं. घोडा फेसाळेपर्यंत पळवत आले. "चल," म्हणाले, "सकाळी न्यायाधीश सर फुल्क बॅरडेलसमोर उभा करताहेत त्याला. भटका आणि तोतया म्हणून."

पियर्स म्हणाले, "जायचं तर जा. पण काय बोलशील ते पोटातल्या जिवाचा विचार करून बोल." हेही मी तुला लिहिलं नव्हतं. मार्चमध्ये आहे.

नगरसभेच्या दालनात तू कठड्यामागे होतास. दाढी वाढलेली, एक बाही फाटलेली. तुला मी मागूनही ओळखलं असतं, तू बोलताना एक खांदा वर करतोस ना. क्रॉफ्टकाका पुढे झाले आणि म्हणाले, "सर, या मुलाला मी बाप्तिस्म्याला हातात धरलंय." कारकुनाने त्यांचा माफीचा कागद काढला आणि वाचला. दिवंगत पुत्र ॲम्ब्रोस. सर फुल्क म्हणाले, "मिस्टर क्रॉफ्ट, तुम्हीच बाजारात सगळ्यांदेखत सांगितलंत तो मेला म्हणून. तेव्हा खोटं बोललात की आता बोलता? बसा, नाहीतर जामीन जप्त करावा लागेल." काका बसले नाहीत. दोघांनी धरून बसवलं.

बाबा पुढच्या बाकावर होते. त्यांनी मान वळवली नाही.

मग सर फुल्क म्हणाले, "मिसेस कॉटरेल, भाऊ गेल्याची शपथ तुम्ही घेतली आहे. या माणसाकडे नीट बघा. हा कोण?"

मी उभी राहिले. खरं सांगायचं ठरवूनच उभी राहिले. आणि तेवढ्यात तू बोललास.

"साहेब, बाईंना कशाला त्रास? मी ह्यू वेलर. लायडनमध्ये त्या गृहस्थांची ओळख होती, मरताना त्यांच्या उशाशी होतो. घरची सगळी माहिती त्यांच्याकडूनच मिळाली. वाटलं, म्हाताऱ्याला फसवून चार पैसे मिळतील. या बाईंना मी आज पहिल्यांदा पाहतोय."

किती सहज बोललास. लोक हसलेसुद्धा. सर फुल्कनी गाडीमागे बांधून बाजारातून शिवेपर्यंत फटके, आणि पहिल्या जहाजाने रवानगी, असं लिहून टाकलं. कुणालाच जास्त वेळ लागला नाही.

मी बाजाराच्या कोपऱ्यावर उभी होते. तू ओरडला नाहीस. लोहाराच्या दुकानापाशी तू ठेचकाळलास आणि पोरं आरडाओरडा करत मागे धावली. मग गाडी वळली आणि मला दिसणं बंद झालं.

बाबांना मी घरी सोडलं. खुर्चीत बसले, आगीकडे बघत होते. मग म्हणाले, "पाहिलंस? तोंडातून आवाज काढला नाही. हातमोजेवाला असता तर किंचाळला असता. रक्त बोलतं, थॉमसिन. तो लिडलच." आणि मला वाटलं आता रडतील, माझे पाय धरतील, घोडा काढा म्हणतील. त्यांनी नोकराला बोलावून सायडर गरम करायला सांगितलं. त्यांना तुझा अभिमान वाटत होता. मी तिथून निघून आले आणि पुन्हा गेलेली नाही. जाणारही नाही. रविवारी मी त्या पाटीखाली बसले नाही, मागे नोकरांच्या बाकावर बसले. लोकांना काय समजायचं ते समजू दे.

काका म्हणतात, तू माझा जीव वाचवलास. स्वयंपाकीण म्हणते, असा भाऊ मिळायला पुण्य लागतं. पियर्स तेव्हापासून माझ्याशी फार मऊ बोलतात. सगळ्यांना वाटतं, मी खरं बोलणार होते आणि तू मला बोलू दिलं नाहीस. आधीच्या कागदावर मीही तसंच लिहिलं आहे. ते खोडणार नाही, कारण या घरात हे पत्र कुणी उघडलंच तर त्यांनी तेच वाचावं. हा कागद मात्र वेगळा काकांच्या हाती देते आहे, तू वाचून जाळ.

मी ठरवून उभी राहिले नव्हते, ॲम्ब्रोस. काय बोलणार हे मलाच माहीत नव्हतं. तोंड उघडलं होतं आणि आत शब्द नव्हता. तू माझ्याकडे बघितलंस आणि तुला ते दिसलं. म्हणून तू बोललास. मला वाचवायला नव्हे, मी "नाही" म्हणेन ते ऐकावं लागू नये म्हणून. खरं ना? नसेल तर मला लिही. असेल तर काहीच लिहू नकोस.

आणि तू म्हणालास, या बाईंना मी आज पहिल्यांदा पाहतोय, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. रडू आलं, पण ते नंतर, फटके सुरू झाल्यावर.

थॉमसिन